आधी कुत्रा आला, कामं नंतर मिळाली

यंदाच्या गणपतीत आमच्या कॉलनीत मुलांसाठी प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवला होता, मी जनावरांचा डॉक्टर म्हणून मला समोर बसवलेलं, आणि नववीतल्या एका मुलीने माइक हातात घेऊन विचारलं, "काका, आदिमानवाने कुत्राच का पाळला? तो तर लांडग्यापासून झाला ना, मग भीती नाही वाटली?" आरतीची वेळ झाली होती, मी घाईघाईत सांगून टाकलं की शिकारीला मदत आणि रात्री राखण, म्हणून. टाळ्या पडल्या, ती खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिचं समाधान झालेलं नाही. माझंही झालं नव्हतं. ते उत्तर अर्धवट आहे आणि जेवढं आहे तेवढंही उलट्या क्रमाने सांगितलेलं आहे. म्हणून आता निवांत लिहितोय. बेटा, हे तुझ्यासाठी, आणि त्या दिवशी मंडपात बसलेल्या सगळ्यांसाठी पण.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कुणीतरी एके दिवशी ठरवलं की मला शिकारीला मदतनीस पाहिजे, चला एक लांडगा धरून आणू, असं झालेलं नसणार. जी गोष्ट कधी कुणी पाहिलेलीच नाही ती आपल्याला हवी असं वाटणार तरी कसं? त्या काळात जगात एकही पाळीव जनावर नव्हतं. गाय नाही, शेळी नाही, कोंबडी नाही, मांजर नाही. शेळ्या-मेंढ्या माणसाकडे आल्या त्या १०-११ हजार वर्षांपूर्वी, शेतीच्या सुमारास, आणि कुत्रा त्याच्याही हजारो वर्षं आधी येऊन बसलेला, माणूस अजून भटका शिकारी होता, घर नाही दार नाही तेव्हा. म्हणजे "पाळणं" हा प्रकारच कुणाला माहीत नव्हता. लांडग्याच्या पिल्लाकडे बघून याच्या शंभराव्या पिढीतलं कुणीतरी मेंढ्या राखेल हे कुणाच्या बापाला ओळखता आलं असतं? तर कुत्रा आधी माणसाजवळ आला, राहिला, आणि त्याचे उपयोग माणसाला हळूहळू सापडत गेले असं मी मानतो, आणि हे मी नुसतं वाचून म्हणत नाही, इंदूरजवळच्या महूच्या व्हेटरनरी कॉलेजातून बाहेर पडल्यापासून अठ्ठावीस वर्षं रोज कुत्रीच बघतोय, त्यातून म्हणतोय.

लांडग्याचं आधी मिटवून टाकू. कुत्रा लांडग्यापासून झाला याबद्दल आता वाद नाही, डीएनएने ते पक्कं केलंय. पण आज जे लांडगे जगात फिरतात त्यांच्यापासून नाही, त्या वेळच्या लांडग्यांची जी शाखा होती ती आता उरलेलीच नाही. आपल्या मध्य प्रदेशात लांडगे बऱ्यापैकी आहेत, भारतीय लांडगा तर जगातल्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक मानतात, तरी आपल्या गल्लीतला मोत्या त्याचा नातू नाही, लांबचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. २०२२ मध्ये ७२ प्राचीन लांडग्यांच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, अभ्यास आला, त्यात कुत्रे पूर्वेकडच्या, सैबेरियाच्या बाजूच्या जुन्या लांडग्यांना जास्त जवळचे निघाले, आणि पश्चिम आशिया, आफ्रिकेकडच्या कुत्र्यांत आणखी एका पश्चिमेकडच्या लांडग्याचाही वाटा दिसला. त्याच्या दोन वर्षं आधीच्या अभ्यासात दिसलं होतं की ११ हजार वर्षांपूर्वीच कुत्र्यांच्या निदान पाच वेगवेगळ्या शाखा होऊन चुकल्या होत्या. म्हणजे सुरुवात त्याच्या पुष्कळ आधीची, हिमयुगातली. नेमकी किती आधीची यावर अजून भांडणं चालू आहेत. बेल्जियमच्या गोयेच्या गुहेतली एक कवटी ३६ हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याची आहे असा दावा होता, पण तिचा आजच्या कुत्र्यांशी संबंध लागत नाही. २०१८ मध्ये सैबेरियातल्या याकुतियात बर्फात गोठलेलं एक पिल्लू सापडलं, १८ हजार वर्षांपूर्वीचं, अंगावरचे केस, मिशा सगळं शाबूत, त्याचं नाव ठेवलं दोगोर, तिथल्या भाषेत दोस्त. सगळ्यांना वाटलं हाच पहिला कुत्रा. नंतर जीनोम पूर्ण तपासला तर निघाला साधा लांडगा. त्या काळचा लांडगा आणि कुत्रा नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत इतके सारखे होते, हे यातून लक्षात घ्यायचं.

आता लांडगा माणसाजवळ आला कसा. इथे मला आपल्या इंदूरचीच गोष्ट सांगायची आहे.

आता आपण स्वच्छतेत पहिले वगैरे आहोत, पण २०१७ च्या आधी देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर कचऱ्याचे डोंगर होते ते तुझ्या आईबाबांना विचार. तिथे रेबीजची व्हॅक्सिन द्यायला आम्ही काही जण जायचो. कुत्री ढिगाने. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की सगळी कुत्री सारखी नाहीत. आपण चालत गेलो की काही पन्नास पावलांवरूनच सटकायची, काही वीस पावलांपर्यंत थांबायची, आणि चार-पाच अशी असायची की कचरा गाडीचा ड्रायव्हर डबा उघडून बसला की त्याच्यापासून दोन हातांवर येऊन बसायची, शेपूट खाली, कान मागे, पण बसायची. आम्ही याला पळण्याचं अंतर म्हणतो. प्रत्येक जनावराचं ते वेगळं असतं आणि बऱ्याच अंशी आईबापाकडून आलेलं असतं. आता गाडी रिकामी झाली की ताजा माल कुणाला? जे दोन हातांवर बसलंय त्याला. पन्नास पावलांवरून पळालेलं परत येईपर्यंत उरतं काय, प्लास्टिक. जे कमी घाबरतं ते जास्त खातं, जास्त खातं ती कुत्री जास्त पिल्लं जगवते, आणि त्या पिल्लांत पुन्हा कमी घाबरणारी जास्त. कुणीही काही पाळत नाहीये, ड्रायव्हर तर दगड पण मारतो कधी, तरी पिढी दर पिढी जनावर माणसाजवळ सरकतंय.

अमेरिकेतले कुत्र्यांचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर आणि त्यांची बायको लॉर्ना यांनी नेमकं हेच मांडलं होतं, की लांडग्याला माणसाने पाळलं नाही, लांडगाच माणसाच्या उकिरड्यावर येऊन स्वतः माणसाळला. मला ही मांडणी फार पटते, पण तिच्यात एक मोठं भोक आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. उकिरडा व्हायला वस्ती एका जागी लागते. १५-२० हजार वर्षांपूर्वी गावंच नव्हती! पाच-पन्नास माणसांची टोळी, आज इथे, महिन्याने तिथे. त्यांच्या मागे उकिरडा असून असून किती असणार, आणि त्या काळात उरलेलं अन्न कोण टाकून देतं, माणूसच उपाशी.

याचं एक उत्तर फिनलंडच्या संशोधक मारिया लाहतिनेन यांनी २०२१ मध्ये दिलं, मला ते वाचून फार आवडलं कारण ते थेट लिव्हरशी संबंधित आहे. माणूस नुसत्या चरबी नसलेल्या मांसावर जगू शकत नाही. आपल्या शरीराला लागणाऱ्या एनर्जीतली साधारण २० टक्केच प्रोटीनमधून घेता येते, त्यापुढे आपलं लिव्हर ते पचवून बाहेर टाकू शकत नाही, माणूस पोटभर मांस खाऊनही आजारी पडतो. हिमयुगातल्या हिवाळ्यात झाडपाला, फळं, कंद काही नाही, आणि जनावरंही हिवाळ्यात वाळलेली, अंगात चरबी कमी. मग माणूस शिकार करायचा ती मुख्यतः चरबीसाठी, नळीतल्या मगजासाठी, आणि रुक्ष मांस उरायचं. लांडग्याला त्या रुक्ष मांसाचं काहीच नाही, तो त्यावर महिनोन् महिने काढतो. म्हणजे एरवी एकाच हरणासाठी भांडणारे हे दोघे हिवाळ्यात एकमेकांच्या आड येत नव्हते. माणसाला जे नको ते लांडग्याला चालत होतं. लाहतिनेन यांनी हिशेब मांडलाय, प्रत्यक्ष पुरावा जमिनीतून निघालेला नाही, हे पण सांगतो. पण हिशेब बसतो.

तरी एवढ्याने भागत नाही. हाडकाच्या आशेने टोळीमागे फिरणारा लांडगा आणि रात्री पायाशी झोपणारा कुत्रा यांत फरक आहे, आणि तो फरक माझ्या मते पिल्लांनी भरून काढला.

पिल्लांचं जरा नीट सांगतो, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि लोक इथेच चुका करतात. कुत्र्याच्या पिल्लाला एक ठरावीक काळ असतो, साधारण चौथ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत, त्या काळात ते जे बघेल, हुंगेल, ज्याच्या अंगाखांद्यावर खेळेल त्याला आपलं मानतं. त्या काळात माणसाचा हात लागला नाही तर ते पिल्लू आयुष्यभर बुजरं राहतं, मग तुम्ही कितीही चिकन घाला. लांडग्याच्या पिल्लाचा हा काळ फार लवकर सुरू होतो आणि लवकर बंद होतो. दोन आठवड्यांचं लांडग्याचं पिल्लू हिंडायला लागतं, तेव्हा त्याला ऐकू येत नसतं, दिसतही नीट नसतं, फक्त वास. कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांनी हिंडायला लागतं तोपर्यंत डोळे कान सगळं चालू झालेलं असतं, म्हणून त्याला नवीन गोष्टीची भीती कमी. लांडग्याला माणसाची सवय लावायची तर डोळे उघडायच्या आधीच आईपासून उचलावं लागतं आणि चोवीस तास जवळ ठेवावं लागतं, बाटलीने दूध पाजावं लागतं. त्या काळी बाटली कुठली. मग दूध कोण पाजणार? अंगावर पाजणारी बाई. ऐकायला विचित्र वाटेल पण जगात बऱ्याच शिकारी जमातींत बायका अनाथ जनावराच्या पिल्लाला अंगावर पाजतात अशा नोंदी आहेत, माकडं, रानडुकरं, काहीही. मोठी माणसं शिकारीहून येताना मेलेल्या मादीची पिल्लं उचलून आणतात, मुलं त्यांच्याशी खेळतात, काही मरतात, काही मोठी होऊन पळतात, काही चावतात आणि मारली जातात. आणि एखादं राहतं. आणि ते एखादं कोणतं असणार, तेच, ज्याचं पळण्याचं अंतर जन्मतःच कमी आहे.

बघ म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच चाळण लागतेय. बाहेर हाडकं चघळायला कमी घाबरणारा लांडगा जवळ येतोय, आणि आत वस्तीत कमी चावणारं पिल्लूच जगतंय. शेकडो पिढ्या. यात कुणाचा काही प्लॅन असायची गरजच नाही.

चाळणीने इतका फरक पडतो का, असं तू विचारशील. पडतो. रशियात नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ मध्ये कोल्ह्यासारख्या सिल्व्हर फॉक्सवर प्रयोग सुरू केला, पुढे ल्युदमिला त्रूत यांनी तो अनेक दशकं चालवला. पिंजऱ्यात हात घातला की जे सगळ्यात कमी गुरगुरतात त्यांनाच पुढे प्रजननाला ठेवायचं, बाकी काही बघायचं नाही. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवणारी, हात चाटणारी, माणूस गेला की कण्हणारी पिल्लं निघाली. अंगावर पांढरे ठिपके, पडलेले कान हे पण त्यातूनच आले असं आधी सांगायचे, पण ते कोल्हे मुळात कॅनडातल्या फर फार्मवरचे होते आणि ठिपके तिथेही होतेच असं २०१९ मध्ये दाखवून दिलंय, तेव्हा ठिपक्यांचं सोडून दे. स्वभावाचं मात्र खरं आहे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल म्हणून जागा आहे, तिथल्या दगडाच्या खाणीत १९१४ मध्ये मजुरांना एक कबर सापडली. एक पुरुष, एक तरुण बाई, आणि त्यांच्याबरोबर एका जनावराची हाडं. आधी वाटलं लांडगा, खूप वर्षांनी कळलं की कुत्रा आहे. साधारण १४,२०० वर्षांपूर्वीची ही कबर. निर्विवाद कुत्रा म्हणावा असा अगदी जुन्यांपैकी हा, आणि तो पूर्ण वाढलेला नव्हता, २८ आठवड्यांच्या आसपासचं पिल्लू. २०१८ मध्ये लुक जान्सेन्स यांनी त्याचे दात परत तपासले. हे जान्सेन्स स्वतः प्रॅक्टिस केलेले व्हेटरनरी डॉक्टर, म्हणून त्यांना जे दिसलं ते इतरांना इतकी वर्षं दिसलं नसावं. दातांवरच्या इनॅमलमध्ये आडव्या रेघा, खड्डे.

हे दात मी ओळखतो. माझ्या क्लिनिकमध्ये काही वर्षांपूर्वी एक ऑटोवाले आपल्या आईला आणि एका काळ्या पिल्लाला घेऊन आले होते. गल्लीतलं पिल्लू, चार-साडेचार महिन्यांचं, डोळ्यांत पू, नाक वाहतंय, जुलाब, ताप. डिस्टेंपर, कुत्र्यांना होणारा व्हायरसचा आजार. या रोगावर थेट औषध नाही, आजही नाही, आधीच व्हॅक्सिन दिलं तर वाचतं, एकदा झाला की सगळं सेवेवर. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आशा कमी आहे. त्या आजी म्हणाल्या, "तुम्ही काय करायचं ते सांगा, मी करते." मी सांगितलं, डोळे कोमट पाण्याने दिवसातून चारदा पुसा, पाणी चमच्याने पाजा, ऊब द्या, अंगाखालचं कापड बदला. तीन आठवडे त्या बाई हे करत होत्या, मधे पिल्लाला झटके आले, एक पाय आपोआप टकटक उडायला लागला, मला वाटलं संपलं, त्यांना नाही वाटलं. पिल्लू वाचलं. पाय थोडा उडतो अजून. पुढे रेबीजच्या इंजेक्शनला आलं तेव्हा मी ओठ वर करून दात बघितले, पक्के दात आलेले, त्यांवर तपकिरी खड्डे आणि आडव्या रेघा. दात हिरड्यात तयार होत असताना डिस्टेंपर झाला की इनॅमल बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्या आजाराची तारीख दातावर कायमची राहते.

ओबरकासेलच्या पिल्लाच्या दातांवर तसंच आहे. जान्सेन्स यांच्या म्हणण्याप्रमाणे बहुधा डिस्टेंपर, साधारण १९ व्या आठवड्यात सुरुवात, मग परत परत उलटलेला आजार, आणि त्यानंतरही ते पिल्लू काही आठवडे जगलं. अशा आजारात सेवा नसेल तर पिल्लू तीन आठवडेसुद्धा काढत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, स्वतःहून उठून पाणी पिण्याची ताकद नसते. म्हणजे १४,२०० वर्षांपूर्वी, बाहेर हिमयुगाचा शेवट चाललाय, तेव्हा कुणीतरी त्या पिल्लाला पाणी पाजत होतं, पुसत होतं, उबेला घेत होतं. साडेचार महिन्यांचं आजारी पिल्लू शिकारीला काय कामाचं? राखणीला काय कामाचं? काडीच्या उपयोगाचं नाही. उलट खायला लागणार आणि घाण करणार. तरी केलं, आणि मेल्यावर माणसांबरोबर पुरलं. त्या कबरीत आणखी एका मोठ्या कुत्र्याची एक दाढ पण आहे. त्या दिवशी मंडपात मी "शिकारीसाठी" म्हणालो आणि नंतर घरी येताना मला हेच पिल्लू आठवलं, म्हणून चुटपुट लागली.

इस्रायलमध्ये आइन मल्लाहा इथे सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीची एक कबर आहे, त्यात एक वयस्क माणूस कुशीवर झोपवलाय आणि त्याचा हात एका पिल्लाच्या अंगावर ठेवलाय. तेही पिल्लूच.

उपयोग नव्हते असं मी म्हणत नाहीये. होते, आणि भरपूर होते, पण कुत्रा हातात आल्यावर सापडले. सगळ्यात आधीचा बहुधा भुंकणं. लांडगा मोठा झाल्यावर फारसा भुंकत नाही, कुत्रा ऊठसूट भुंकतो, आणि अंधारात अस्वल-वाघ येणाऱ्या जागी झोपणाऱ्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. शिकारीचं असं आहे की मोकळ्या मैदानावर मोठ्या कळपांमागे कुत्र्याचा फायदा कमी, पण हिमयुग संपलं, जंगलं वाढली, हरणं-डुकरं झाडीत लपायला लागली, तिथे नाक पाहिजे. जपानमध्ये जोमोन काळात, म्हणजे तिथल्या अश्मयुगात, जंगलात डुकरं-हरणं मारणाऱ्या लोकांनी शंभरावर कुत्री नीट पुरलेली सापडलीत. उत्तरेला सैबेरियाच्या झोखोव बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी कुत्री घसरगाड्या ओढत होती. थंडीत अंगाशी ऊब हाही फायदा, आणि काही ठिकाणी लोकांनी कुत्रं खाल्लंही, कातडं वापरलं, हाडांवर सुरीच्या खुणा आहेत, ते झाकून ठेवायचं कारण नाही. आपल्याकडे काश्मिरात श्रीनगरजवळ बुर्झहोमला ४-५ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत माणसांबरोबर कुत्री पुरलेली आहेत आणि एका शिळेवर हरणाच्या शिकारीचं चित्र कोरलंय, त्यात कुत्रा आहे.

शेती आल्यावर कुत्र्याचं पोटही बदललं. २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की स्टार्च पचवणाऱ्या जीनच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हस्की आणि ऑस्ट्रेलियाचा डिंगो यांच्यात त्या कमीच आहेत, कारण त्यांचे मालक शेतकरी नव्हते. म्हणजे पोळी पचवणारा कुत्रा नंतरचा, पहिला कुत्रा मांसावरचाच. क्लिनिकमध्ये मला रोज कुणीतरी विचारतं की डॉक्टरसाहेब पोळी चालते का, तर चालते, सात-एक हजार वर्षं तरी चालत आलीये, फक्त नुसती पोळी नको, सोबत अंडं, डाळ, काहीतरी द्या, आणि पोह्यांवरची सेव तर अजिबात नको. आमच्या घरी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पहिला घास दारातल्या कुत्र्याला, खंडोबाचं कुत्रं म्हणून, माझी आजी ते झाल्याशिवाय कुणाला ताटावर बसू द्यायची नाही. तो बाजरीचा रोडगा कुत्र्याला पचतो कसा याचं उत्तर मला स्वीडनहून मिळालं.

आणि एक गोष्ट राहिली, डोळे. हंगेरीत बुडापेस्टला लांडग्याची पिल्लं हाताने वाढवली, अगदी कुत्र्यासारखी, आणि दोघांनाही एक डबा दिला ज्यात मांस आहे पण झाकण उघडतच नाही. लांडगा झटत राहिला. कुत्र्याने थोडी खटपट केली आणि मग मान वळवून माणसाच्या तोंडाकडे बघितलं. २००३ चं हे काम आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी मोजलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेचं हार्मोन वाढतं, तेच जे आई आणि तान्ह्या बाळात वाढतं, हाताने वाढवलेल्या लांडग्यांत तसं होत नाही. आणि भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यात पक्का असतो, लांडग्यात जवळजवळ नाहीच, त्यामुळे कुत्रा तो केविलवाणा चेहरा करू शकतो. हे का टिकलं असेल? ज्या पिल्लाने तसा चेहरा केला त्याला कुणीतरी हाडूक दिलं म्हणून. मला यात कुत्र्याची लबाडी वाटत नाही कुणी काही म्हणो, त्या आजींकडे ते काळं पिल्लू तापात ज्या नजरेने बघायचं ते मी पाहिलंय.

इंदूरातल्या गल्ल्यांत हे अजून चालू आहे. चौकातल्या कचराकुंड्या गेल्या, घरोघरी गाडी यायला लागली, तेव्हा मला काळजी होती की कुत्र्यांचं काय. ज्यांचं कुणी ओळखीचं होतं, एखादी चहाची टपरी, एखादी काकू, ती टिकली, पळण्याचं अंतर जास्त असलेली माझ्या भागातून दिसेनाशी झाली. चाळण तीच. आणि ती सोपी नाही हे पण समजून घे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट भारतातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच काम करतो, त्यांच्या पाहणीत सात महिन्यांपर्यंत फक्त १९ टक्के पिल्लं जगली, आणि मरण्यामागे बरेचदा माणूसच होता, गाडी, मार, विष. त्याच गटाने असंही दाखवलं की कुणी कधी न शिकवलेली रस्त्यावरची कुत्रीसुद्धा माणसाने बोट दाखवलं तर समजतात, जी जवळ आली त्यांच्यापैकी जवळपास ८० टक्के बोटाच्या दिशेने गेली.

हा प्रयोग तू करू शकतेस बेटा. दोन सारख्या वाट्या घे, दोन्हींवर पुठ्ठा झाक, एकीत चिकनचा तुकडा ठेव, दुसरीला नुसता चोळून घे म्हणजे वास दोन्हींना राहील. तुझ्या ओळखीचा, व्हॅक्सिन झालेला कुत्राच निवड, पिल्लं असलेली कुत्री नको, आणि कुणातरी मोठ्याला बरोबर घे. चार-पाच पावलांवर उभी राहा, एका वाटीकडे बोट दाखव आणि शांत राहा, हाक मारू नको. आधी तो तुझ्या बोटाकडे बघतो की चेहऱ्याकडे तेही लिहून ठेव. वीस वेळा कर, पण एका दिवसात नाही, कंटाळतो तो. वही घेऊन क्लिनिकवर ये, संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते.